भरलेली बाटली

भरलेली बाटली म्हटलं की आमच्या घाटनांदूरकडची माणसं जरा पुढं सरकून बसतात. त्यांची आधीच निराशा करून टाकतो. बाटली पाण्याची होती. दारूची असती तर मी तंबूतच घोरत पडलो असतो आणि दोन्ही पावलं शाबूत घेऊन घरी आलो असतो.

मी एका सहकारी दूध संस्थेचा सचिव. एका दुष्काळी वर्षी मी हिमालयातल्या एका शिखरावर चढायला गेलो आणि उजवा पाय गोठवून परत आलो. आमच्या भागात माणसं उन्हानं आजारी पडतात, नाहीतर साखरेनं. थंडीनं पाय जाळून घेतलेला मी पंचक्रोशीत एकटाच. त्यामुळं आता ज्याच्या पायाचं बोट काळं पडायला लागतं, तो डॉक्टरकडून उठला की थेट माझ्या ओट्यावर येऊन बसतो. बर्फानं पडलं काय आणि साखरेनं पडलं काय, त्याच्या पुढची खाट सारखीच असते. प्रत्येकाला तोंडी सांगून मी दमलो, म्हणून लिहून काढतो आहे. औषधपाण्याची माहिती यात मिळणार नाही, ती डॉक्टरांना असते. मला फक्त पडून राहायची माहिती आहे.

हात वर

त्या वर्षी संस्थेला पंचवीस वर्षं झाली आणि पाऊस झाला नाही. बोअर गचके देऊन बंद पडले होते, जनावरं चारा छावणीत बांधली होती, दूध निम्म्यावर आलं होतं. अशात जेवणावळ घातली तर लोक शिव्या घालतील, हे आमच्या चेअरमनला कळत होतं. त्यांना सगळे तात्या म्हणतात. तात्यांचा पुण्यातला भाचा एका गिर्यारोहण कंपनीत कामाला होता. ही कंपनी साध्यासुध्या माणसांना वाटाड्या, दोर, तंबू, आचारी सगळं देऊन शिखरावर नेते. भाच्यानं मामाच्या डोक्यात भरवलं की संस्थेचा झेंडा हिमालयात लावा, राज्यात नाव होईल.

सभा भरली. पत्र्याखाली भट्टी झाली होती. सहकारात एक रीत आहे, ती बाहेरच्यांना माहीत नसते. चेअरमननं ठराव वाचला की पहिला हात सचिवानं वर करायचा. सचिवाला मत नसतं, पण हात असतो. त्याचा हात बघून पहिल्या रांगेचे हात वर होतात, पहिली रांग बघून मागच्यांचे. पंचवीस वर्षं मी हे काम चोख केलं होतं. ठराव ऐकायची गरज नसते. तात्यांचा आवाज शेवटी जरा वर चढला की आपला हात वर.

मी पेंगत होतो. तात्यांचा आवाज वर चढला. माझा हात वर गेला.

तात्या म्हणत होते, "...तर मग झेंडा घेऊन जायाला कोन तयार हाय?"

टाळ्या एवढ्या पडल्या की पत्रा वाजतोय असं वाटलं. मी डोळे उघडून बघतो तर सगळे माझ्याकडं बघून हसतायत. खाली घ्यायचा होता हात. पण आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवत होतं, आणि मला ते आवडलं. तो हात मी मुद्दाम आणखी थोडा वेळ वर ठेवला.

ठराव मंजूर झाल्यावर नेहमीसारखे मी सभासदांचे अंगठे घेतले. सभेत असो की आमच्या ओट्यावर, म्हाताऱ्या बायका अंगठा दाबून धरतात, मग ठसा चिरडतो. म्हणून मनगट धरून मी सांगतो, "सैल सोडा, मावशी. जोर लावू नका. मी लावतो बराबर." शाई पुसायला कुणी कागद देत नाही. लोक डोक्याच्या केसांना पुसतात, नाहीतर भिंतीला. आमच्या ऑफिसची एक भिंत निळी झाली आहे. तिच्यावर मी माझ्या सुवाच्य अक्षरात पाटी लावली होती: भिंतीला अंगठे पुसू नयेत.

घरी आलो तेव्हा बायको, सुमन, टँकरच्या रांगेत हंडे ठेवून आली होती.

"हिमालयात? कावून?"

"संस्थेचं काम आहे."

"तितं कोन दूध घालतंय आपल्या संस्थेला?"



चौकातला फ्लेक्स

रेल्वे, मग जीप, मग पायपीट. खालच्या तळावर पोचलो तेव्हा मोबाईलला अखेरची रेंज होती. त्यावर तात्यांनी फोटो पाठवला. गावच्या चौकात केवढा तरी फ्लेक्स. त्यात माझा आधारकार्डावरचा चेहरा, मागं कुठलातरी बर्फाचा डोंगर, आणि वर ठळक अक्षरांत, 'शिखर सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'.

मी घाबरून फोन लावला. "तात्या, मी अजून खालीच आहे हो."

"चढनारच हाव की! दोनदा कशाला छापायचं?" मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "पर सचिवसाहेब, आता तेवढं चढाच बरं का. चौकात लावलंय."

रेंज गेली. पुढं जे झालं त्यात थंडीचा वाटा किती आणि त्या फ्लेक्सचा किती, हे मी अजून वाटून बघतो. दर वेळी फ्लेक्सचा वाटा मोठा निघतो.

खाली

आमचा वाटाड्या रावतजी. गढवालचा, तिशीतला, मोजकं बोलणारा. चढायला लागल्यापासून त्यानं एकच धोशा लावला होता, पाणी प्या. उंचीवर तहान लागत नाही, पण अंग आतून कोरडं पडतं, रक्त घट्ट होतं आणि हातापायाच्या टोकांना पोचत नाही. तहान नसली तरी प्या.

आता मी कुठून आलो होतो ते लक्षात घ्या. आमच्याकडे टँकर त्याच्या मर्जीनं येतो. तो आला की हंडे, कळशा, पातेली, शेवटी चहाचे पेलेसुद्धा भरून ठेवायचे. भरलेल्या भांड्याकडे बघून आम्हाला झोप लागते. तहान लागली तर आधी आवंढा गिळायचा आणि दुसरं काहीतरी काम काढायचं. अशा माणसाला तिथं आचारी स्टोव्हवर बर्फ वितळवून पाणी करून देत होता. पातेलंभर बर्फ घेतला की तळाशी चूळ भरण्यापुरतं पाणी. ते बघून माझ्या घशाखाली घोटच उतरेना. आमच्या तुकडीतली पुण्याची पोरं गटागट पीत होती. मी त्यांच्याकडं आमच्या गावात उधळ्या माणसाकडं बघतात तसं बघायचो आणि माझी बाटली झाकण घट्ट लावून उशाशी ठेवायचो.

"पानी पिया, सर?" रावतजी विचारायचा.

मी बाटली उंच करून दाखवायचो. काठोकाठ भरलेली. मला शाबासकी पाहिजे असायची. तो डोकं हलवून पुढं जायचा. मला वाटायचं, खूश झाला.

शिखराच्या दिवशी अंधारातच निघायचं होतं. डोकं ठणकत होतं, पोटात मळमळ. कानावर टोपी, टोपीवर टोपडं, वर वारा. रावतजी ओरडून म्हणाला, "निकलने से पहले बोतल खाली करो, सर!"

निजामाच्या मुलखातला माणूस मी, हिंदी मला येत नाही असं कसं म्हणू? खाली म्हणजे रिकामी, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. पण त्या उंचीवर माझं डोकं मराठीतच कसंबसं चालत होतं. मी बाटली खाली केली. म्हणजे पाठपिशवीत, सगळ्यात तळाशी, बाकी सामानाच्या खाली, जपून. आणि अंगठा वर करून दाखवला, झालं म्हणून.

नंतर डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. मीही हसलो. पण खरं सांगायचं तर मला वाटतं, माझ्या कानांना सोयीचं होतं तेच ऐकू आलं.

चढताना पायाची बोटं आधी दुखली. मग फार दुखली. मग दुखायची थांबली. थांबली तेव्हा मला आनंद झाला. वाटलं, पाय सरावले. एवढं सगळं वाचून तुम्ही एकच गोष्ट ध्यानात ठेवणार असाल तर ही ठेवा: दुखतंय तोवर बोट तुमचं असतं. दुखायचं थांबलं की तिथंच ओरडा. मी ओरडलो नाही. रावतजी दर थोड्या वेळानं विचारायचा, "सर, ठीक?" आणि मी चौकातला फ्लेक्स डोळ्यांपुढं आणून म्हणायचो, "एकदम ओके."

उजाडल्यावर मात्र घसा असा सुकला की जीभ टाळ्याला चिकटली. म्हटलं, आता राखलेलं पाणी काढू. झाकण फिरेना म्हणून उजव्या हाताचा मोजा काढला. फिरलं एकदाचं. बाटली तोंडाला लावली. काही आलं नाही. हलवली, आवाज नाही. उलटी केली, थेंब नाही. आत पाण्याचा दगड झाला होता. मी वेड्यासारखा ती बाटली खडकावर आपटत बसलो, उघड्या हातानं.

रावतजीनं ती माझ्या हातातून घेतली. "सर, ये भरी क्यों है?"

"राखून ठेवली," मी म्हणालो. मराठीत.

त्यानं माझी बोटं बघितली. पांढरी पडली होती. मग तो मला दोन पावलं चालवून म्हणाला, पायाची बोटं हलवून बघा. मी हलवली. निदान हुकूम तरी दिला. खाली कुणी ऐकलं नाही.

"नीचे," तो म्हणाला.

शिखर तिथून दिसत होतं. आमच्या घरापासून डेअरी असेल तेवढ्यावर. मी त्याचा हात धरून सांगायला लागलो, "रावतजी, ऐसा मत करो. फ्लेक्स लग गया है." त्या माणसाला काय कळणार? त्यानं दोर आखडला आणि ओढ काढणाऱ्या बैलाला वळवावं तसं मला वळवलं.

तंबूत बूट काढला. बोटं मेणाची झाली होती. सगळे मोजे ओले. कोरडं कापड शोधता शोधता त्याला माझ्या पिशवीत संस्थेचा झेंडा सापडला. हिरवं कापड, मध्ये गाय. त्यानं तो माझ्या पायाला गुंडाळला.

घमेलं

खालच्या गावातल्या दवाखान्यात त्यांनी माझा पाय कोमट पाण्यात ठेवला. घमेलंभर स्वच्छ पाणी. थंड झालं की बदलायचे. बोटांत जीव परत येताना काय होतं ते लिहायला माझ्याकडं शब्द नाहीत. विंचू चावल्यासारखं म्हणतात, तर मला विंचू चावलेला आहे. तो बरा. मी आईला हाका मारल्या. आईला जाऊन किती वर्षं झाली होती.

आणि त्या ओरडण्यात मध्येच मी वॉर्डबॉयला काय म्हणालो असेन? तो घमेलं उचलून मोरीत ओतायला निघाला तर मी म्हणालो, "भैया, फेंको मत." त्याला वाटलं, माणूस बडबडायला लागला.

वाट बघा

अंबाजोगाईला दवाखान्यात आणलं. पट्टी सोडून डॉक्टरांनी पाय बघितला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वांग्याच्या वाळलेल्या देठासारखी झाली होती. अंगठा टोकाला काळा, मुळाशी जांभळा.

"ही दोन बारकी बोटं गेली," ते म्हणाले. त्यांनी 'जातील' म्हटलं नाही. माझ्या पायाला लटकलेली होती आणि गेली होती. "अंगठ्याचं आत्ताच सांगता येणार नाही. थांबावं लागेल."

"कशासाठी?"

"जिवंत किती, मेलेलं किती, हे त्याचं त्यालाच ठरवू दे. घाईनं कापलं तर चांगलंही जातं. अंगठा राहिला तर तुमची चाल राहील. पाऊल उचलताना सगळा जोर त्याच्यावर येतो."

थोडक्यात, आशा सगळी एका अंगठ्यावर. दूध संस्थेच्या माणसाला हे नवीन नव्हतं.

मग सुरू झालं थांबणं. सकाळी लादी पुसल्याचा फिनेलचा वास, मग चहा, मग पट्टी. पट्टी सोडताना शेवटचा कापूस जखमेला चिकटलेला असायचा. सिस्टर म्हणायच्या, "काका, तिकडं बघा." तिकडं म्हणजे खिडकीबाहेर. तिथं कडुनिंबाला एक कावळा असायचा आणि तो नेमका माझ्या पायाकडं बघायचा. मग डॉक्टर येणार, पेनानं अंगठ्यावर रेघ ओढणार. काळं रेघेच्या अलीकडं आहे की पलीकडं गेलं, हे रोज बघायचं. विहिरीत उतरून काल पाणी कुठवर होतं आणि आज कुठवर आहे ते बघतात तसं. फरक एवढाच की विहिरीत खाली जातं त्याची भीती, इथं वर येतं त्याची.

उजव्या हाताच्या बोटांना फोड आले होते, ते बरे होणार होते. तोवर पंजाला पट्ट्यांचा बोळा बांधलेला. घास सुमन भरवायची.

शेजारची खाट

शेजारी आष्टीकडचे एक नाना होते. मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन ऊसतोडीला गेले होते, बैलगाडीचं चाक पावलावरून गेलं. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या पायाकडं आदरानं बघितलं.

"काय लागलं?"

"बर्फ."

"बरफाच्या कारखान्यात व्हताव का?"

"न्हाई नाना. हिमालयात गेलतो."

"काय तोडायला?"

"तोडायला नाही. चढायला."

"चढून?"

"उतरायचं."

नानांनी मान माझ्याकडं वळवून विचारलं, "मुकादम कोन व्हता?"

"आमचे चेअरमन."

"उचल काय घेतलती?"

"टाळ्या," मी म्हणालो.

नाना असे हसले की त्यांचा टांगलेला पाय हलला आणि ते हसता हसता बोंबलले. सिस्टर धावत आल्या. त्या दवाखान्यात मी मनापासून हसलो ते नानांमुळं. बाकी दिवस दाताखाली खडा आल्यासारखे गेले. नानांचा पाय वाचला. ते घरी निघाले तेव्हा मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. त्यांच्या हलणाऱ्या अंगठ्याकडं बघून मला जे वाटलं, त्याला मत्सर म्हणतात. आजारपण माणसाला मोठं करतं म्हणतात. मला तर बारकं केलं.

कुणासाठी

सुमन टँकरच्या दिवशी गावाकडं जायची, पाणी भरून परत यायची. गावात तिचं कुणी ना कुणी अभिनंदन करायचं, कारण फ्लेक्स अजून चौकातच होता. "वैनी, साहेबांनी नाव काढलं!" ती 'व्हय' म्हणून पुढं चालायची. तिनं पहिले किती तरी दिवस मला काही विचारलं नाही. भाकरी कुस्करून भरवायची, तोंड पुसायची, भांडी घासायला जायची.

एकदा डॉक्टर कुणाला तरी माझी हकीकत सांगत होते, पाणी कमी पडलं, रक्त घट्ट झालं वगैरे. ते गेल्यावर ती म्हणाली,

"पानी नव्हतं का तितं?"

"होतं."

"मंग?"

"राखून ठेवलं होतं."

ती उभी होती ती खाटेच्या कडेला बसली. "मी हितं एका घागरीसाठी बायांच्या झिंज्या उपटल्या. अन् तुमाला मानूस हातात आनून देत व्हता, प्या म्हनून. तुमी राखून ठिवलं. कुनासाठी?"

"सवय गं."

"सवय मलाबी हाय," ती म्हणाली. "कुनासाठी, ते सांगा."

तिला वाटलं असेल, मी तिच्यासाठी म्हणेन. खोटं का होईना, म्हणायला पाहिजे होतं. मी कावळ्याकडं बघत बसलो.

त्या दिवसापासून तिनं एक नेम धरला. पेला भरून आणायचा, माझ्या तोंडाला लावायचा आणि संपेपर्यंत हलायचं नाही. संपला की तो पालथा करून बघायचा. हिंदीतली खाली म्हणजे काय, ते मला तिनं शिकवलं.

शाल आणि नारळ

तात्या आले ते एका फोटोवाल्याला घेऊन. शाल, नारळ, हार. वॉर्डातली सगळी माणसं उठून बसली.

"सचिवसाहेब, कसं वाटलं वर?"

"वर गेलोच नाही, तात्या. तुम्हाला कळवलं होतं."

"आता ते कशाला उकरायचं? लोकांना वाटतंय गेलताव, वाटू द्या." मग इकडंतिकडं बघून म्हणाले, "झेंडा कुटं हाय? ऑफिसात काचेत लावू."

"झेंडा पायाला बांधला होता. पू लागला म्हणून टाकून दिला त्यांनी."

तात्यांचं तोंड कडू झालं. "पायाला? अहो, गाईचं चित्र हाय त्याच्यावर!"

त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. त्या सगळ्या प्रकरणात त्यांना वाईट वाटलेलं मी तेवढं एकदाच बघितलं. मग फोटो काढताना म्हणाले, "पाय जरा पांघरुनात घ्या. बरा दिसत न्हाई."

मी घेतला. एवढं होऊनही मी पाय पांघरुणात घेतला. शाल खांद्यावर, चेहरा हसरा. आजही राग येतो तो तात्यांचा कमी, त्या हसऱ्या चेहऱ्याचा जास्त.

सुमननं मात्र नारळ उचलून कानापाशी हलवला. "तात्या, शाल कशाला आनली? नारळ बरा हाय. पानी हाय त्याच्यात."

फोटोवाला हसला. तात्या हसले नाहीत.

पुढच्या खेपेला तिनं सांगितलं, फ्लेक्स उतरवला. छावणीत म्हशींना सावली नव्हती, तर तिथं बांधला. "तुमचं तोंड खालच्या बाजूला आलंय," ती म्हणाली. "म्हस मान वर करती तवा तुमाला चाटती." ती हे सांगताना हसली नाही, पण तिच्या तोंडून त्या महिन्यात निघालेलं सगळ्यात मऊ वाक्य तेच होतं.

अंगठा

काळं रेघेच्या वर आलं. एक दिवस थांबलं, मला वाटलं जिंकलो, मग पुन्हा आलं. शेवटी डॉक्टर खाटेवर टेकले, पट्टी स्वतः सोडली आणि म्हणाले, "अंगठा घ्यावा लागेल."

हे वाक्य मी हजार वेळा बोललो आहे. सभासद समोर बसलेला असतो, मी शाईची डबी उघडतो आणि शिपायाला म्हणतो, यांचा अंगठा घ्यावा लागेल. ते ऐकणाऱ्याला कसं वाटत असेल याचा विचार करायचं कधी काम पडलं नाही.

"मुळापासून?" मी विचारलं.

"हो. चालाल तुम्ही. पण पहिल्यासारखं नाही."

त्यांनी खोटी आशा दिली नाही, याबद्दल मी त्यांना आजही मानतो. त्या घटकेला मात्र त्यांचं तोंड बघू नये असं वाटलं.

ऑपरेशनच्या दिवशी उठल्यापासून तोंड कोरडं. भीतीनं अशी तहान लागली की तशी शिखराखालीही लागली नव्हती. सवयीनं सुमनकडं बघितलं. तांब्या भरून तिच्या शेजारी होता.

"आज प्यायचं न्हाई म्हनं," ती म्हणाली. "सिस्टरनी बजावलंय. थेंबभरबी न्हाई." आणि तिनं तांब्यावर फुलपात्र पालथं घातलं.

जेव्हा प्या म्हणत होते तेव्हा मी प्यालो नाही. आता मागत होतो तर नाही म्हणत होते. देवाला विनोद येतो, हे मला त्या दिवशी कळलं. तो तात्यांसारखाच करतो.

सिस्टर कागद घेऊन आल्या. बोटं कापायला माझी हरकत नाही, असं लिहून द्यायचं होतं. मी पेन मागितलं. उजव्या पंजाला बोळा. डाव्या हातानं प्रयत्न केला. आडनावाचं पहिलं अक्षर कागदाच्या कडेपर्यंत घसरत गेलं.

"राहू द्या काका, अंगठा लावा," सिस्टर म्हणाल्या आणि शाईची डबी उघडली.

"अहो, मी सचिव आहे," मी म्हणालो. "मला सही येते."

त्या बिचाऱ्या डबी तशीच धरून उभ्या राहिल्या. मी आजवर धरत आलो तशी.

"कोणता?" सुमननं विचारलं.

"पुरुषाचा डावा," मीच सांगितलं. पाठ होतं.

तिनं माझं मनगट धरलं, अंगठा डबीत टेकवला, कागदावर आणला. मी सगळा जीव लावून तो अंगठा ताठ धरून ठेवला होता, तो कागदावर टेकूच नये म्हणून. सुमन खाली वाकली. आमच्या ओट्यावर मी लोकांचे ठसे घेताना ती आत चुलीपाशी असायची. तिला सगळं ऐकू जायचं.

"सैल सोडा," ती म्हणाली. "जोर लावू नका. मी लावते बराबर."

मी सैल सोडला. ठसा स्वच्छ उमटला. एकही रेघ फाटली नाही.

सिस्टर कागद घेऊन गेल्या. शाई पुसायला त्यांनी काही दिलं नाही. खाटेला लागून असलेल्या भिंतीवर हातभर उंचीवर निळे डाग होते, एकावर एक, माझ्या आधी त्या खाटेवर झोपून गेलेल्यांचे. इतके दिवस मी ते बघत होतो आणि ओल आली असेल असं समजत होतो.

स्ट्रेचर दारात आलं. मी हात लांबवला आणि माझा अंगठा भिंतीला पुसला.